मला चालवणारे ड्रायव्हरकाका

मी संग्रहालयाच्या दारातली चाकांची खुर्ची बोलतेय. हो, तीच! जिला बघून धडधाकट माणसं नजर चुकवतात आणि त्यांची पोरं मात्र बसायला धावतात.

कारखान्यातून आले तेव्हा मी चकचकीत होते. थाटात माझा फोटोही निघाला. मग जिन्याखाली, बादल्या आणि खराट्यांच्या शेजारी माझी रवानगी झाली, कारण मला मागायला कुणी येईना. गुडघे धरून, भिंतींना टेकत लोक सगळी दालनं पालथी घालतील, पण माझ्यावर बसायचं म्हटलं की त्यांना कमीपणा वाटतो.

ड्रायव्हरकाकाही त्यातलेच. शहर दाखवणारी बस त्यांनी उभा जन्म चालवली. प्रवाशांना आमच्या दारात उतरवायचं आणि आपण गाडी राखत बसायचं. आत यायचं राहूनच गेलं. निवृत्त झाले आणि झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून ते घराबाहेर पडायला तयार नव्हते. त्या दिवशी मुलगी हट्टाने त्यांना घेऊन आली.

पहारेकऱ्याने मला ओढून काढलं, फडक्याने पुसलं.

"मी नाही बसणार यात," काका म्हणाले. "आयुष्यभर मी लोकांना फिरवलं. आता मला कुणीतरी ढकलायचं?"

"मग परत जाऊ या का, बाबा?" मुलीचा आवाज थकलेला होता.

पहारेकरी त्यांना ओळखत होता. तो हसून म्हणाला, "बसू नका, काका. चालवा! उजवा हात चांगला आहे ना? वळवणं तुमच्याकडे, ढकलणं ताईंकडे."

काका कुरकुरत बसले. पण चाकाच्या कड्यावर त्यांचा हात पडला आणि मी ओळखलं, हा जाणता हात आहे.

मोठ्या दालनात छताला देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. काका बघतच राहिले.

"माइकवरून रोज सांगायचो, आत भला मोठा मासा आहे म्हणून. मला वाटायचं, असेल टेबलाएवढा!"

मुलगी इतकी हसली की मला ढकलायचंच थांबली.

मग आम्ही मागच्या बागेत गेलो. काचघरातले निवडुंग पाहिले आणि तळ्याच्या उताराला लागलो. तिथेच घात झाला. मुलीचा पाय घसरला, घामेजल्या हातांतून माझी मूठ निसटली आणि मी सुटले! डावीकडे दगडी पायऱ्या, खाली पाणी. पण काकांनी उजवं कडं गच्च आवळलं. मी गर्रकन वळले आणि गवताच्या बांधात जाऊन रुतले.

मुलगी धावत आली आणि रडूच लागली. "माझंच चुकलं. तुम्हाला आणायलाच नको होतं. चला घरी."

"अगं, ब्रेक लागला नाही तर गाडी चढाच्या बाजूला घालायची असते." काकांच्या तळहाताची साल निघाली होती, पण चेहरा उजळला होता. "रडतेस काय? तळं बघायचं राहिलंय. लाव हात."

तळ्याकाठी ते कितीतरी वेळ बसले. पाणकावळे पंख पसरून ऊन खात होते. मुलीने रुमाल ओला करून त्यांच्या हाताला बांधला आणि त्यांनी तो बांधू दिला.

परत निघालो तेव्हा दारात शहर दाखवणारी बस उभी होती. नवा ड्रायव्हर खिडकीत जांभया देत होता. काकांनी मला थेट त्याच्यापाशी नेलं.

"आत गेलायस कधी?"

"गाडी सोडून कसा जाणार, काका?"

"जा, बघून ये. मी आहे इथे."

तो आधी घुटमळला. मग उतरला, सदरा नीट केला आणि आत गेला. काका बसच्या दाराशी मला आडवी लावून ऐटीत बसले.

त्या बांधाच्या धक्क्याने माझं उजवं चाक अजून कुरकुरतं. जमलं तर दोन थेंब तेल घाला. आणि पाय थकले असतील, तर खुशाल हाक मारा. मी हल्ली जिन्याखाली नसते, दारातच असते.