नूतच्या पोटातला सूर्य

पेनूब रेषा ओढायला बसला की गावातली इतर माणसं आपले कुंचले बाजूला ठेवायची, आणि ही गोष्ट तो स्वतःच चारचौघांत सांगायचा. राजांची थडगी रंगवायची हा त्या वस्तीचा पिढीजात धंदा. त्यातही छतावरची नूत काढायची ती पेनूबनंच. नूत म्हणजे आकाश. हातपाय जमिनीला टेकवून सगळ्या जगावर ओणवी झालेली बाई. संध्याकाळी ती सूर्य गिळते, रात्रभर तो तिच्या अंगातून बारा दारं ओलांडत सरकतो आणि पहाटे तिच्या मांड्यांमधून पुन्हा जन्माला येतो. "जन्मभर अशी वाकवून ठेवलीत, पाठ धरली असेल बिचारीची," असं पेनूबची लेक वाबेत त्याला चिडवायची. आता तिचेच दिवस भरले होते. पहिलटकरीण पोर, नवरा दक्षिणेला दगडाच्या खाणीवर, आणि आई तर ती लहान असतानाच गेलेली.

म्हातारा राजा गेला होता. त्याला दफनासाठी तयार करायला सत्तर दिवस लागतात, त्यातले नऊ उरले होते. छताचं काम मात्र रखडलेलं. सूर्याच्या तबकड्या काढायच्या त्या क्रमानंच: आधी तोंडाशी, मग एकेक दार, आणि शेवटी जन्म. मेलेला राजाही सूर्यासोबत याच दारांतून जातो, म्हणून हा क्रम कुणी मोडत नसे. भिंतीवर जे काढलं ते घडतं, आणि काढलं तसंच घडतं, हे त्या लोकांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

पेनूब सहाव्या दाराशी होता, तेव्हा पाणक्या निरोप घेऊन आला. वाबेत दोन दिवसांपासून बाळंतपणाच्या विटांवर बसली आहे, मूल खाली येत नाही, सुईण गप्प झाली आहे. घरी जाऊन तरी तो काय करणार? बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला कोण घेतं? त्याच्या हातात एकच गोष्ट होती. त्यानं तांबड्या रंगात कुंचला बुडवला, परांचीच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि मधली सहा दारं तशीच सोडून नूतच्या मांड्यांमध्ये उगवता सूर्य काढला.

तांबड्या रेषा तपासून त्यांच्यावर काळी रेघ मारायचं काम नाख्तमीनचं. तो सगळ्यांत वडील, म्हणून सगळे त्याला दादा म्हणत. तो दिवा घेऊन आला आणि छताकडे बघतच राहिला.

"हे काय करून ठेवलंस?"

"वाबेत अडलीय, दादा. दोन दिवस झाले."

नाख्तमीनलाही लेकी होत्या. त्यानं दिवा खाली ठेवला. मग म्हणाला की राजा सहाव्या दाराशी अडकायचा आणि सूर्य पुढे निघून जायचा, हे चालणार नाही, खरवडावं लागेल. पेनूबनं त्याचं मनगट धरलं. "पोर सुटेपर्यंत राहू दे. मग मीच खरवडतो, माझ्या हातानं."

नाख्तमीननं मनगट सोडवून घेतलं आणि खरवडणी उचलली. "तू घरी जा. हजेरीवाल्याला मी सांगतो."

डोंगर ओलांडताना पेनूबच्या कानात तेवढं खरवडणंच वाजत होतं. पहाटे वाबेत सुटली. मुलगा होता, निळा पडलेला. तो रडलाच नाही. बायकांनी त्याला टोपलीत घालून उतारावर पुरलं, आणि वाबेतनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. तीन दिवस पेनूब बिअरमध्ये भाकरी भिजवून तिला भरवत होता आणि मनात एकच गोष्ट घोळवत होता: नाख्तमीननं माझा नातू मारला. हे तो कुणापाशी बोलला नाही. पण त्या रागाच्या जोरावरच तो उभा होता, नाहीतर केव्हाच कोसळला असता.

चौथ्या दिवशी तो थडग्यात उतरला. विचारपूस नाही, काही नाही.

"कधी खरवडलंस? पहाटेच्या आधी ना?"

नाख्तमीननं दिवा उंच धरला. सूर्य होता तिथेच होता, तांबडा, पूर्ण वाटोळा.

"हात लावला नाही मी," नाख्तमीन म्हणाला. "तू गेलास आणि माझा हातच उठेना. कोणी विचारलं असतं तर माझी मान गेली असती. पाणक्यानं बाळाचं सांगितलं, त्यानंतरही धीर झाला नाही."

खोटं बोलला असता तर उपकार झाले असते. पेनूब खालीच बसला. म्हणजे ती सगळी पहाट सूर्य छतावर उगवलेला होता, आणि तरीही मूल निळं पडलं. आता दोनच गोष्टी उरत होत्या. एक तर सहा दारं चुकवून त्यानंच ते पोर वेळेआधी ओढून काढलं होतं. नाहीतर छतावर काढल्यानं काहीच घडत नव्हतं. त्याच्या बापानं काढलेलंही घडलं नव्हतं, आज्यानं काढलेलंही नाही, आणि पाच दिवसांनी इथे निजायला येणाऱ्या राजासाठीही काही घडणार नव्हतं. यातलं कुठलं जास्त भयंकर, ते त्याला ठरवता येईना.

"मग राजाचं काय, दादा?" त्यानं हळूच विचारलं.

"हे इथे बोलू नकोस," नाख्तमीन म्हणाला. त्यानं पेनूबच्या हातात कुंचला दिला. सहावं दार अर्धंच होतं.

पेनूब परांचीवर चढला, पण कुंचला रंगात बुडवेना.

"खरवडायला हवं होतंस रे तू," तो म्हणाला. "जन्मभर तुझा राग केला असता."