शंभराचा गट

मोटारसायकल शर्यतीच्या कमिटीचे अध्यक्ष विजयसिंह यांनी माइकवर फुंकर मारली. "मोठ्या गाड्या तीनच आल्यात. तीन गाड्यांची शर्यत कोण बघणार? तवा दोन्ही गट एकत्रच पळतील!"

बबिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माजलगाव धरणाचं पाणी हटलं की हे गाळाचं रान उघडं पडतं, आणि गेल्या साली इथंच गट असे एकत्र पळाले होते. वळणावर एक दोनशे सीसीची गाडी मागून आली आणि तिच्या धाकट्या भावाच्या, अंगदच्या, शंभर सीसीवर चढली. पोराच्या पायात सळई घालावी लागली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात आईनं, साखराबाईनं, त्याला शपथ घातली की पुन्हा शर्यतीचं नाव काढायचं नाही.

ती शपथ बबितानं सोडवली होती. यंदा ती हट्टानं कमिटीत शिरली आणि शंभराच्या गाड्या शंभरातच पळतील असं सगळ्यांकडून वदवून घेतलं. कमिटीनं माना डोलावल्या, चहा प्यायला. माना डोलवायला काय जातं! तिनं मात्र घरी आईला शब्द दिला. आई एवढंच म्हणाली, "जिंकल्यावर नगं, गाडीवरनं धड उतरल्यावर फोन कर."

बबिता तरातरा मंचावर चढली. "काका, ठरलं काय व्हतं?"

"अगं, पब्लिक आलंय. मजा नगं का?"

"अन् अंगदचा पाय?"

"त्यानं कडंकडंनं चालवावी."

कडेकडेनं! शर्यतीत उतरायचं आणि बाजाराला निघाल्यासारखं कडेनं जायचं! मोठ्या इंजिनवाल्यांना चाकाखाली धूळ पाहिजे असते तशीच ही लहान गाड्यांची पोरं पाहिजे असतात. बबितानं विजयसिंहांच्या हातातून माइक हिसकावला.

त्याच सकाळी त्याच रानात बैलांचा पट, म्हणजे बैलगाड्यांची शर्यत, झाली होती. तिथं गट पडतात ते दातांवर. दुधाच्या दातांचा खोंड तो आदत, दोन पक्के दात आलेला तो दुसा, आणि आदतासमोर दुसा उभा करायचा नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मेंढपाळ त्रिंबकचा खोंड आदतात उभा होता. विजयसिंहांनी स्वतः त्याचं तोंड फाकवून दोन पक्के दात मोजले आणि चारचौघांत त्याला गटाबाहेर काढलं. विजयसिंहांचा स्वतःचा लाडका खोंड त्याच गटात होता.

"काका," बबिताचा आवाज भोंग्यातून रानभर गेला, "सकाळी त्रिंबकआबांचा खोंड काढताना काय म्हणालात? दुसा शेजारी पळाला तर माझं लेकरू मोडंल! खोंड तुमचं लेकरू हाय, मग माझा भाऊ कोण हाय? बैलाचे दात लगेच दिसत्यात तुमाला, गाडीचं इंजिन कावून दिसत न्हाई?"

गर्दीतला त्रिंबक असा खदखदून हसला की सगळेच हसायला लागले.

विजयसिंह लालबुंद झाले. "न्या मग तुमच्या गाड्या बाजूला! मोठ्या तीन गाड्या तुमच्याबिगर पळवतो का न्हाई बघा!"

"पळवा की! आमी दुसरं काय मागतोय?"

बोललेलं गिळता येईना, म्हणून त्यांनी पळवल्या. तीन गाड्या काय पळल्या! चाकाला चाक लावून पळल्या, आणि 'कोण बघणार' असं विजयसिंहांनी विचारलं होतं, तिथं लोक बोंबलून बोंबलून बघत होते. मग शंभराच्या गाड्या सुटल्या. वळणावर अंगदच्या दोन्ही बाजूंना गाड्या होत्या, पण त्याच्याच ताकदीच्या. कोणी कोणावर चढलं नाही. तो पाचवा आला.

तेवढ्यात विजयसिंहांच्या हातात माइक पुन्हा खरखरला. "गट वेगळे करायची आमची कल्पना यशस्वी झाली, त्याबद्दल कमिटीचं अभिनंदन!"

"आमची?" बबिता पुन्हा मंचाकडे धावली. अंगदनं तिचा दंड धरला.

"ताई, जाऊ दे. आता कावून चिडतीस?"

"तोंडावर खोटं बोलतोय तो माणूस!" ती वळली. अंगद हेल्मेट काखेत धरून समोर उभा होता, नखशिखान्त धुळीनं माखलेला, दोन्ही पायांवर. तिनं फोन काढला. आईचा नंबर जोरजोरात दाबला.

"आई, उतरला!"

कितवा आला, हे साखराबाईनं विचारलं नाही. "मग एवढी वरडतीस कावून गं?"

"न्हाई वरडत," बबिता ओरडली, आणि तिला रडू फुटलं.