सोलच्या हृदयातली आग

"विझली! बघा, बघा, आग विझली!"

साठ आज्यांनी एकदम टाळ्या पिटल्या. कोरियातल्या गुन्सान शहराच्या मासळीबाजारावरच्या त्या हॉलमध्ये रोज सकाळी गाणी व्हायची, थट्टामस्करी व्हायची आणि जाताना प्रत्येकीच्या हातात टिशूचे रोल नाहीतर दहा अंडी फुकट पडायची. बदल्यात आचार्य तोक-सू यांची चुंबकीय घंटा विकत घ्यायची, एवढंच! आज भिंतीवरच्या पडद्यावर सात वर्षांच्या एका मुलीचं हृदय धडधडत होतं. डाव्या चित्रात झडपेतून मागे उसळणारा लालभडक झोत; उजव्या चित्रात त्याच जागी नुसता गुलाबी धूर.

मुलीचं नाव सोल. तिची आई गा-उल शेवटच्या रांगेत पर्स पोटाशी धरून बसली होती. सोलच्या झडपेचं ऑपरेशन मंगळवारी होतं आणि आज शुक्रवार.

"दहा दिवस पोर घंटेखाली बसली!" आचार्य गरजले. "दवाखान्याचं यंत्र अर्धा तास दणदणतं. माझी घंटा तीन मिनिटांत, गुपचूप हृदयात डोकावते. डॉक्टर काय म्हणतात? कापा! मी काय म्हणतो?"

"बसा!" आज्यांनी हॉल दणाणून सोडला.

सासूबाई, ओक-बुन, डोळे पुसत वळल्या. "सोलची आई, ऐकलंस ना? आत्ताच्या आत्ता दवाखान्यात फोन कर. ऑपरेशन रद्द म्हणावं."

गा-उललाही ते खरं हवं होतं. पोटच्या पोरीच्या छातीला सुरी लागावी अशी हौस कुठल्या आईला असते? पण तिला काहीतरी खुपत होतं.

"आई, सोलबरोबर तुम्हीही घंटेखाली बसायचात ना? पँटच्या आतल्या खिशाच्या सेफ्टीपिना काढायचात?"

"काढीन कशाला? पैसे पडले असते!"

दवाखान्यात एमआरआयच्या चुंबकाजवळ जाताना तर सोलची केसांची क्लिपसुद्धा बाहेर ठेवायला लावली होती. खरंच एवढा ताकदवान चुंबक असता, तर सासूबाईंच्या पिना जागच्या हलल्या नसत्या?

तिनं पडद्याकडे पुन्हा पाहिलं. दोन्ही चित्रांच्या कडेला रंगांची उभी पट्टी होती. डावीकडे पट्टीच्या टोकाला १५०, उजवीकडे ६००. तिनं फोटो काढला, जिन्यात गेली आणि दवाखान्यात सोलचा एमआरआय काढणाऱ्या म्योंग-गिल यांना पाठवून फोन लावला.

"दोन्ही चित्रं माझीच आहेत की!" ते म्हणाले. "दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला तुम्हाला सीडी दिली होती, त्यातली."

गा-उलनं कपाळावर हात मारला. ती सीडी सासूबाईंनी आचार्यांना नेऊन दिली होती.

"ताई, पट्टी सांगते रक्ताच्या किती वेगाला लाल म्हणायचं. दीडशेला लाल धरलं की झोत पेटतो. सहाशेला धरलं की तोच झोत फिका पडतो. रक्त तेच, गळतीही तीच. खरं मोजमाप खालच्या कोपऱ्यात असतं."

दोन्ही चित्रांत त्याच कोपऱ्यावर आचार्यांनी सोनेरी घंटेचं चित्र चिकटवलं होतं.

गा-उल हॉलमध्ये परतली आणि तडक पडद्याला जोडलेल्या कॉम्प्युटरपाशी गेली.

"अहो बाई, हात लावू नका! घंटेची ऊर्जा बिघडेल!" आचार्य ओरडले.

"एवढ्याशा माउसनं बिघडते?" असं म्हणून तिनं उजव्या चित्राची पट्टी दीडशेवर आणली. भप्पकन आग पेटली. आज्या किंचाळल्या. मग तिनं डाव्या चित्राची पट्टी सहाशेवर नेली. आग गायब.

"घ्या!" पुढच्या रांगेतली एक आजी खिदळली. "ही तर उपचाराच्या आधीच बरी झाली!"

सगळा हॉल हसला. गा-उलनं दोन्ही सोनेरी घंटा बाजूला सरकवल्या. दोन्हीकडे एकच तारीख आणि एकच आकडा: हृदयानं दर ठोक्याला पंचेचाळीस मिलिलिटर रक्त ढकललं, त्यातलं अठरा झडपेतून मागे फिरलं.

"नकारात्मक शक्ती शिरली!" आचार्य वायर उपटायला धावले.

"शक्ती कसली, माउस आहे तो!" तीच आजी म्हणाली. "अन् माझ्या गुडघ्याचं चित्र कुठल्या पट्टीवर बरं केलंस रे, भामट्या?"

गा-उल आज्यांकडे वळली. "आज्यांनो, मंगळवारची मला तुमच्यापेक्षा जास्त भीती वाटते. पण भीती वाटते म्हणून अठराचं शून्य होत नाही. कुणी चमत्कार दाखवला तर टाळीआधी तीन गोष्टी विचारा. काय मोजलं? कशानं मोजलं? दुसऱ्या कुणी मोजलं तर तेवढंच भरतं का? खऱ्याला अशा प्रश्नांचा राग येत नाही."

आज्या एकेक करून घंटेचे पैसे परत मागायला उठल्या. ओक-बुन मात्र जागच्या जागी बसून राहिल्या. त्यांची नजर पडद्यावरच्या अठरावर होती. शेवटी नाक ओढून म्हणाल्या,

"सोलची आई, मंगळवारी पोरीला उपाशीपोटी न्यायचंय ना? मग सोमवारी संध्याकाळी तिच्यासाठी काय शिजवू, ते डॉक्टरांना विचारून सांग. मी मनानं काही करत नाही आता."