दोन माईकचा मिक्सर

"ह्यात ह्यांचा आवाज कुठंय?" वहिनीने विचारले.

टेप संपून चकती नुसतीच फिरत होती. मी बटण दाबून ती थांबवली. भोरमधल्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही चौघे बसलो होतो. पेटीवर माझा थोरला भाऊ सोपान, ढोलकीवर आमच्या गावचा गेनबा, दाराशी अंजनावहिनी आणि मशीनपुढे मी. आताच भरलेले गाणे आम्ही ऐकले होते. त्यात ढोलकी होती, पेटी होती, स्टँडकडे वळलेल्या एसटीचा हॉर्नसुद्धा होता. दादाचा आवाज मात्र घोंगडीखाली दडपल्यासारखा येत होता.

"माज्या ढोलकीनं खाल्ला," गेनबा ओशाळून म्हणाला. "म्या भायेर पडवीत बसून वाजवू का?"

तेही करून पाहिले. मग ढोलकी शेजारच्या घरात वाजत असल्यासारखी वाटली आणि गाण्यातला जीवच गेला. बोलणे दादाला जड जात होते आणि डॉक्टरांनी मनाईही केली होती. त्याने पेटीचा भाता लावला आणि माझ्याकडे पाहिले. हे तुझे काम आहे, असे ते बघणे होते.

ही गोष्ट पंचाहत्तर सालच्या जानेवारीतली. मी स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत असे. दादा भोरच्या कोर्टात शिपाई होता. पक्षकारांची नावे पुकारायची हे त्याचे काम. कोर्टाच्या पायरीवरून त्याने नाव पुकारले, की चहाच्या टपरीवर बसलेला माणूस हातातला ग्लास तसाच ठेवून पळत सुटे. वकील मंडळी चेष्टेने म्हणत, की सोपानच्या पुकाऱ्याने नदीपलीकडचा साक्षीदारही हजर होतो. हाच आवाज सुट्टीच्या दिवशी गाण्याला लागे. आमची गायन पार्टी होती. भोर आणि वेल्ह्याच्या गावागावांतून जयंतीला, पौर्णिमेला, लग्नाला आम्ही जात असू. गाणी दादा स्वतः रचायचा. पुढे तो, मागे कोरसला वहिनी आणि आणखी दोघी. अशी वीस वर्षे झाली होती.

आदल्या पावसाळ्यात भाताची लावणी चालू होती तेव्हा त्याचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून महिना गेला, काढे घेण्यात आणखी दोन. दिवाळीनंतर कोर्टातच नाव पुकारता पुकारता आवाज मधेच तुटला आणि साहेबांनी त्याला घरी पाठवले. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात तपासले, तर घशात गाठ निघाली. ती काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. डॉक्टर म्हणाले, माणूस जगेल, बोलणार नाही.

दादा माझ्या दुकानात आला आणि एखाद्या खटल्याबद्दल सांगावे तसा म्हणाला, "तारीख पडली. सतरा फेब्रुवारी." मग म्हणाला, "गानी भरून ठिवायची, भिमा. एकोनीस हायेत."

टेपरेकॉर्डर कोर्टातल्या एका वकिलांनी दिला. दादाचे नाव सांगितल्यावर त्यांनी फार विचारपूस केली नाही. मोठ्या चकत्यांचे जड मशीन होते, पण त्याला माईक एकच जोडता यायचा. दोन माईकचे आवाज हवे तसे कमीजास्त करून एका वायरीने मशीनमध्ये सोडायचे, तर मिक्सर हवा. मी रेडिओतला माणूस, तेव्हा आधी स्वतःच एक तयार केला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. तो चालला, पण त्यातून सारखी घरघर येत होती. दादाच्या आवाजात आधीच घरघर होती. त्यावर आणखी ही नको होती.

पुढच्या मंगळवारी दादाला पुण्याला दाखवायला न्यायचे होते. मी, दादा आणि वहिनी सकाळच्या गाडीने गेलो. दवाखाना आटोपून बुधवार पेठेतल्या एका दुकानात शिरलो. मी मिक्सर मागितला तेव्हा वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "चटनी वाटायचा?"

"न्हाई वो, आवाज वाटायचा," मी म्हटले.

दुकानदाराने काउंटरवर दोन पेट्या मांडल्या. एक मोठी, चार माईकची, चार काळ्या बटणांची. ती विजेवर चालणारी. दुसरी पाट्यावरच्या वरवंट्याएवढी, दोन माईकची. ती टॉर्चच्या सेलवर चालत असे. किमतीत फार फरक नव्हता. माझे मन मोठ्या पेटीवर केव्हाच बसले होते. दादाला एक माईक, बाजाच्या पेटीला एक, ढोलकीला एक, कोरसला एक. मनात मी ते मांडूनही टाकले होते.

दुकानदाराने हेडफोन दादाच्या कानांना लावला आणि माईक त्याच्यापुढे धरला. "म्हणा काहीतरी. गाऊन बघा."

दादाने मान हलवली आणि माईक वहिनीकडे सरकवला. "तू म्हन."

"हितं? एवड्या मान्सांत?"

"म्हन."

दुकानात तीन-चार गिऱ्हाइके होती. वहिनीने पदर सारखा केला, जमिनीकडे पाहिले आणि दादाच्याच गाण्याच्या दोन ओळी म्हटल्या.

*पाटीवरती पहिलं अक्षर लेकीनं माझ्या मांडलं,*
*घरातल्या अंधाराचं बिऱ्हाड बाहेर काढलं.*

आम्हाला ती हलक्या आवाजात ऐकू येत होती. दादाला ती कानात येत होती. त्याने डावा हात वर करून हेडफोन कानावर दाबून धरला. "परत म्हन," तो म्हणाला. तिने परत म्हटले. मग दुसऱ्या पेटीवर पुन्हा. वहिनी वैतागली. "किती येळा? कापड घ्यायचंय का मशीन?"

दादाने हेडफोन काढला आणि लहान पेटीवर बोट ठेवले.

"दादा, चार माईकचा घेऊ," मी म्हटले. "समद्यांना आपापला माईक भेटंल."

"त्याला लाईट लागती. ह्यो शेलवर चालतो."

"घरी हाय की लाईट."

"घरी हाय," तो म्हणाला, आणि एवढ्यावर बोलणे संपवले.

मला राग आला होता. रेडिओतले मला कळत होते, त्याला नाही. पण आजारी माणसाशी भर दुकानात काय भांडायचे? मी लहान पेटी बांधून घेतली. गाडीत वहिनी खिडकीशी पेटी मांडीवर घेऊन बसली आणि कात्रजचा घाट चढता चढताच तिला झोप लागली. कापूरहोळला गाडी भोरकडे वळली तेव्हा दादा माझ्या कानाशी आला. त्याचा आवाज म्हणजे नुसती फुंकर उरली होती.

"वेल्ह्याकडच्या गावांत कुठं हाय रं लाईट?"

"वेल्ह्याला न्यायचाय कशाला? गानी घरात भरायचीत."

"भरून झाली की पार्टी मोडायची का?"

त्याने झोपलेल्या वहिनीकडे हनुवटीने खूण केली. "वीस वरसं माज्या मागं हुबी ऱ्हाऊन गाती. माजाच आवाज माज्या कानात. नुसती तिची म्या कंदी ऐकलीच न्हाई. आज ऐकली." दम खाऊन तो पुढे म्हणाला, "लई सरळ आवाज हाय. माज्यापरीस सरळ."

"तिला सांगितलंस?"

"आत्ता सांगितलं तर हितंच उतरून चालत जाईल."

रविवारी दुपारी आम्ही बसलो. भिंतींवर गोधड्या टांगल्या, खिडकीला सतरंजी लावली, शेजारच्या सखूबाईंना तासभर धुणे न आपटण्याची विनंती केली. एक माईक दादापुढे, दुसरा पेटी आणि ढोलकीच्या मधे. मी हेडफोन लावला, ढोलकीचे बटण खाली घेतले, दादाचे वर नेले. आता तो होता. खरखरीत, थकलेला, पण तोच. पहिले गाणे झाले, दुसरे झाले. पाचवे संपले तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

सहावे पाटीचे गाणे होते. त्याचा अंतरा वर जातो. दादा वर गेला आणि तिथे नुसती हवा निघाली. पुन्हा केले, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला गेनबाने ढोलकी आपणहून थांबवली.

दादा उठला. त्याने माईकची काठी उचलली आणि वहिनीपुढे नेऊन ठेवली.

"हे काय?"

"तू म्हन. हितनं फुडची समदी."

"म्या न्हाई." वहिनी माईकपासून मागे सरकली. "आवं, तुमची गानी तुमच्या आवाजात ठिवायचीत म्हनून तर ह्यो खटाटोप केला. मला तुमचा आवाज ठिवायचा हाय. माजा ठिवून काय करू?"

"माजा ठिवलाय. पाच गानी झाली."

"पाचच?"

"पाच लई झाली." तो तिच्यापुढे उकिडवा बसला. एकेक शब्द काढायला त्याला वेळ लागत होता. "मशीनीतला मानूस नवं गानं म्हनत न्हाई, अंजना. म्या उद्या नवं लिवलं, तर म्हननार कोन?"

वहिनीने तोंडाला पदर लावला. आवाज न करता ती रडली, तोंड पुसले आणि भिंतीकडे बघत बसली. गेनबा ढोलकीची दोरी उगाच ओढत राहिला. मी कानातला हेडफोन काढला नव्हता. माईक चालूच असल्यामुळे तिचा श्वास मला ऐकू येत होता.

शेवटी ती म्हणाली, "पेटी जरा खालच्या पट्टीत धरा. तुमची पट्टी मला उंच पडती."

दादाने पट्टी बदलली. ती गायली. पहिल्या गाण्यात घाबरली, दुसऱ्यात कमी घाबरली. उरलेली चौदा गाणी भरायला आम्हाला आणखी दोन रविवार लागले. मशीन वकिलांना परत करण्याआधी आम्ही सगळी टेप एकदा ऐकली. स्वतःची गाणी दादाने मान खाली घालून ऐकली. वहिनीची लागली तेव्हा तो बोटाने गुडघ्यावर ठेका धरत होता.

सतरा तारखेला शस्त्रक्रिया झाली. महिन्याभराने तो घरी आला तेव्हा त्याच्या गळ्याला भोक होते आणि त्यावर पातळ फडके. श्वास तिथूनच चाले. खिशात एक वही आणि पेन्सिल असे. कोर्टात त्याला रेकॉर्डच्या खोलीत बसवले. नावे पुकारायला दुसरा शिपाई आला. दादा जुने कागद शोधून द्यायचा आणि जेवायच्या सुट्टीत वहीच्या मागच्या पानांवर काहीतरी लिहायचा. ते आम्हाला दाखवत नसे.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या एका गावाने आम्हाला बोलावले. दादा आता गात नाही, हे तिकडे बहुतेकांना ठाऊक नव्हते. विहाराच्या अंगणात मांडव घातला होता. गाडीच्या बॅटरीवर कर्णा लावला, सेलवर आपला मिक्सर. ऊन उतरले होते, बायाबापड्या लेकरे घेऊन आल्या होत्या. गावचा चिमाजी माईकवर म्हणाला, "जयभीम. आज सोपानराव आपल्यात हायेत, पन गानार हायेत अंजनाबाई." थोडी कुजबुज झाली. वहिनी पुढे येऊन उभी राहिली. दादा मागे पेटीवर बसला.

दोन गाणी चांगली झाली. तिसरे नवे होते. दवाखान्यातून आल्यावर दादाने लिहिलेले, आठच दिवसांपूर्वी तिला दिलेले. दोन कडवी म्हणून झाल्यावर वहिनी थांबली. तिसरे तिला आठवेना. कोरसच्या बायांनाही ते येत नव्हते. गेनबाने ठेका चालू ठेवला आणि एक फेरा तसाच गेला. वहिनीने मागे वळून पाहिले.

पेटी थांबली. दादा उठला, माईकच्या काठीला वळसा घालून पुढे आला आणि लोकांकडे पाठ करून तिच्यासमोर उभा राहिला. त्याचे ओठ हलू लागले. आवाज नव्हताच. तो एकेक शब्द तोंड मोठे करून, सावकाश सांगत होता. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. गेनबाने ठेका हळू केला. तिने पहिला शब्द उचलला, मग दुसरा, मग अख्खी ओळ.

पुढच्या कडव्यांना त्याची गरज नव्हती, ती तिला पाठ होती. तरीही गाणे पुरे होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला, आणि प्रत्येक शब्द तिच्याबरोबर म्हणत राहिला.