ठोकळा हरवलेला ओळंबा

मित्रांनो, शेवटी ती भिंत पाडली. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण मी एक जुना पितळी ओळंबा आहे, आणि माझ्या गोष्टीत अजून एक वीटही रचलेली नाही.

एका लेथवाल्याने मला कातलं. तेव्हा जी चक्कर आली ती थांबल्यापासून मी सरळ खालीच बघतो. माझ्या दोरीच्या वरच्या टोकाला माझा जोडीदार होता, लाकडी ठोकळा. आम्हा दोघांची जाडी एकच. गवंड्याने ठोकळा भिंतीला वर टेकवायचा आणि मी खाली लोंबकळायचं. मी भिंतीला जेमतेम टेकलो तर भिंत सरळ. नाहीतर वाकडी. आमचा धंदाच संशयाचा. उभ्या जगातली कुठलीही भिंत मी तपासल्याशिवाय सरळ मानलेली नाही.

माझे मालक गवंडी. घरात एक भाची, त्यांनीच वाढवलेली. ती ऑफिसात दिवसभर संगणकासमोर बसायची. एके दिवशी तिने जाहीर केलं की ती परदेशात शाळा बांधायला जाणार आहे, स्वयंसेवक म्हणून.

"इथे आपल्या न्हाणीघराची भिंत दोन वर्षं पोक काढून उभी आहे," मामा म्हणाले.

"तिथे संस्थेचं काम आहे, मामा. गरजू मुलांसाठी."

"मग त्या मुलांनी काय पाप केलंय?"

पण निघताना त्यांनी आम्हा दोघांना फडक्यात बांधून तिच्या हातात दिलं. "एक भिंत सरळ उभी कर आणि फोटो पाठव. मग तुला गवंड्याची भाची म्हणेन. तोवर नुसती भाची."

परक्या विमानतळावर एका गणवेशातल्या माणसाने मला उचललं, उलटं केलं, माझा वास घेतला. मला बरं वाटलं; आमच्याच धंद्यातला माणूस भेटला. मला त्याने सोडलं आणि ठोकळ्याला धरलं. म्हणाला, बाहेरचं लाकूड देशात आणता येत नाही, कीड असते. तीस वर्षांत माझ्या ठोकळ्याला साधी खपली निघाली नव्हती. त्याला पिशवीत घातलं, पिशवीवर नंबर चिकटवला, आणि आमची दोरी सुटली.

भाचीने डोकं चालवलं. वसतिगृहातल्या साबणाची वडी माझ्या जाडीची कापली, केसाच्या पिनेने भोक पाडलं आणि दोरी ओवली. पहिल्या दिवशी साबण अगदी माझ्याएवढा होता. तरी मला त्याचा संशय आला. इतकं सुगंधी कोणी भिंतीच्या कामाला येत नाही.

शाळेच्या तीन भिंती तिथल्या मिस्त्रीणबाई बांधत होत्या. चौथी स्वयंसेवकांची. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा गटप्रमुखांचा हुकूम होता. गटप्रमुख स्वतः विटेलाही हात लावत नसत, पण जेवणाआधी हात मात्र सगळ्यात जास्त वेळ धुवायचे. कशाने? माझ्या ठोकळ्याने. बारा माणसं, रोज दोनदा. मी खालून बघत होतो. ठोकळा रोज बारीक होत होता आणि भिंत रोज उंच. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. पण मला फक्त लोंबकळता येतं.

आठव्या दिवशी मिस्त्रीणबाई आमच्या भिंतीपाशी आल्या. त्यांची भाषा वेगळी. भाचीचा मोबाइल ती उलगडून सांगायचा.

"भिंत तुझ्या कानात काहीतरी सांगायला वाकलीये," मोबाइल म्हणाला. "ऐकून घे आणि बाजूला हो."

"पण ओळंबा म्हणतो सरळ आहे."

बाईंनी आपला ओळंबा लावला. मग माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, तीस वर्षांत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं.

गटप्रमुख म्हणाले, "उद्या पाहुणे येतायत. वाकली तर वाकली. वर पाटी लावू, लक्ष पाटीकडे जाईल."

"आणि मुलांचे बाक?" भाचीने विचारलं.

"तिथेच. भिंतीला लागून."

ती विटांच्या ढिगावर जाऊन बसली आणि तिने मामांना फोन लावला.

"ठोकळा कुठाय?" मामांनी पहिला प्रश्न केला.

"विमानतळावर."

"मग वर काय बांधलंयस?"

"साबण."

"त्याने हात धुता?"

"जेवणाआधी. सगळेच."

"स्वच्छ माणसं आहात," मामा म्हणाले. "पाड."

"सगळे म्हणतील हिच्यामुळे झालं."

"म्हणू देत. तुझ्यामुळेच झालंय."

आता ते पहिलं वाक्य तुम्ही वाचलं तरी चालेल. बाक लावायच्या आत तिने स्वतः घाव घातले. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी तीन भिंतींची शाळा पाहिली. चौथी बाजू हवेसाठी मोकळी ठेवली आहे, असं गटप्रमुखांनी भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या.

मग मिस्त्रीणबाईंनी आपल्या तुटक्या थापीचा दांडा कापला आणि माझ्याशी जोखून नवा ठोकळा केला. भाची सुट्टी वाढवून राहिली आणि तिने भिंत पुन्हा उठवली. बाईंनी दोन्ही ओळंबे लावले, वाकून पाहिलं आणि काही न बोलता निघून गेल्या. गवंड्यांमध्ये यालाच कौतुक म्हणतात. फोटो गेला. मामांचं उत्तर आलं: "गवंड्याची भाची, न्हाणीघराकडे कधी बघतेस?"

पण परतताना आमच्याकडच्या विमानतळावर नवा ठोकळाही धरला. बाहेरचं लाकूड. तेव्हापासून मी खिळ्याला एकटा टांगलेला आहे, आणि न्हाणीघराची भिंत अजून पोक काढून आहे. मित्रांनो, कोणाला मदत करायला निघालात तर आपलं माप जोडीने न्या, आणि दोरीला वर काय बांधलंय ते रोज पाहा.

प्रति, दोन्ही विमानतळांचे सक्षम अधिकारी यांस.
विषय: ठोकळे परत मिळणेबाबत.
महोदय, खाली लोंबकळणार विनंती अर्ज करतो की, जप्त केलेले दोन्ही ठोकळे कीड तपासून परत मिळावेत. ते शक्य नसल्यास दोघांना निदान एकाच पिशवीत ठेवावे. बदल्यात साबण देऊ नये, ही नम्र विनंती.