नाल्यावरच्या डब्याले शेंदूर

गावात कोणी काही म्हणो, त्या डब्यानं माहा नवरा मारला नाही. डब्याले कायले दोष देता? त्याले जेवढं शिकवलं तेवढंच तो करे.

माह्या नवऱ्याचं नाव चंदन. नाव घेतलं तं भुवया कायले वर करता? आता लाजायचं कोणासमोर? दर्यापूरच्या या बाजूले आमचं गाव, अन् वावरं सगळे नाल्याच्या पल्याड. मधात ठेंगणा रपटा, पाणी वरून जाईल असा बुटका पूल. वर मेळघाटात पाणी पडलं की इथं कडक ऊन असलं तरी नाला फुगते अन् रपट्यावरून लोंढा येते. म्हणून अमरावतीच्या कॉलेजातले गजेंद्र सर आले अन् नाल्याच्या काठानं खांबाखांबावर डबे बसवून गेले. वरचा डबा पाण्याची उंची पाहे, बिनतारानं खालच्या डब्याले सांगे, तो त्याच्या खालच्याले, अन् शेवटी मारुतीच्या पारावरचा भोंगा वाजे.

पहिल्या वर्षी डबे सारखे बोलत. झड लागली, ऊन नाही, बॅटऱ्या उतरल्या अन् सगळे मुके झाले. मंग सरांनी त्यायले झोपायले शिकवलं. "वहिनी, बोलण्यातच सगळ्यात जास्त करंट जातो," ते आमच्या ओट्यावर चहा पेत सांगत. "आता डबा झोपेल, मधूनमधून डोळे उघडून पाणी पाहील, वाढलं असेल तरच बोलेल. बॅटरी फार उतरली तर आणखी लांब झोपेल, जीव धरून राहायला." डबे रोज सरांले अमरावतीले आपली खुशाली कळवत, तेही त्यांनी बंद केलं. तेवढीच बॅटरी वाचते म्हणे. गावानं यातून एकच गोष्ट धरली. भोंगा गप, म्हणजे नाला गप.

अन् खरंच, गेल्या वर्षी चंदन बंडी घेऊन रपट्यावर चढतच होता, तं भोंगा वाजला. त्यानं बैल मागं ओढले. मंग असा लोंढा आला बाप्पा, बंडीसकट कुठं गेला असता पत्ता लागला नसता. माह्या सासूनं, माणिकबाईनं, लेकाले पोटाशी धरलं अन् दुसऱ्या दिवशी तेल-शेंदराची वाटी घेऊन निघाली.

आमच्याकडं ज्यानं राखलं त्याले शेंदूर लागते. मंग तो वावराच्या धुऱ्यावरचा दगड असो का बाभूळ. सगळ्यात वरचा डबा हाताले येई एवढाच उंच होता. त्याच्या माथ्यावर सोलरची काळी पाटी, आरशासारखी चमके. बुढीले वाटलं, हेच याचं कपाळ. तिनं पाटीले शेंदूर फासला. मंग दर शनिवारी एक हात. तिचं पाहून बाकीच्या बायाही लावू लागल्या, हार घालू लागल्या. मी सुद्धा नारळ फोडला. माह्या कुंकवाचा राखणदार होता ना तो!

अती तेथं माती म्हणतात, ते काय उगाच?

या वर्षी पोळा झाला अन् चंदन कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारा मारायले गेला. आमच्याकडं आभाळ निरभ्र. दिवस कलला तशी मी गाईले पाणी पाजायले नाल्याच्या अलीकडच्या काठावर आली. पल्याडून तो फटफटीवर येताना दिसला. मले पाहून त्यानं हात वर केला अन् रपट्यावर गाडी घातली. वरून मातकट लोंढा आला. मी बोंबलली, "मागं फिर! चंदन, मागं फिर!" गाडीच्या आवाजात त्याले काय ऐकू येते! डोळ्यासमोर गेला माहा माणूस. अन् मंग वाजला मेला भोंगा.

दुसऱ्या दिवशी चंदन सापडला, खालच्या बाभळीत अडकलेला. त्याले अग्नी देल्ला अन् गजेंद्र सर वरच्या डब्याकडं गेले. मीही मागं गेली. चाकूनं त्यांनी पाटी खरडली, तं शेंदराचे पोपडेच पोपडे निघाले. "ऊनच मिळत नव्हतं त्याला," ते म्हणाले. "बॅटरी वाचवायला फार लांब झोपत होता. उठला तोवर पाणी रपट्यावर गेलं होतं. चूक माझी आहे वहिनी. रोजची खुशाली बंद केली नसती तर मला अमरावतीतच समजलं असतं." पोरासारखे रडले. मले त्यायचा राग आला, अन् कीवही आली. म्हणलं, "आत्याबाईले सांगू नका." त्यांनी नवी पाटी बसवली अन् मान खाली घालून गेले.

तेरवी झाली. सकाळी पाहिलं तं बुढी वाटीत तेल घालून शेंदूर कालवून राहिली.

"कुठं चालल्या?"

"त्याच्याकडं. काही कमी पडलं असन व माह्याकडून, गीता, म्हणून तो कोपला. आता कमी पडू देत नाही."

शेजारच्या पार्बताबाईचा पोरगा किशोर त्याच रपट्यावरून वावरात गेला होता. अख्ख्या गावाचे लेकरं जातात. मी बुढीचं मनगट धरलं अन् सगळं सांगून टाकलं. शेंदूर, पाटी, बॅटरी, सगळं. गाव म्हणते सून वैरीण निघाली. म्हणू द्या.

ती रडली नाही. हाताचा शेंदूर पदराले पुसत होती, तो काही निघेना. मंग म्हणे, "मरता मरता चंदनले समजलं असन काय व, मायनं केलं म्हणून?"

"नाही आत्याबाई," मी म्हणलं. "तो तं भोंग्याच्या भरोशावर हसत येऊन राहिला होता."