बीजनाथ महाराजांना फेटा बांधला तेव्हा

इंदिरानगरच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी तीनशे माणसं बसली होती आणि सगळी एका बाटलीकडं बघत होती. बाटली साधी, पाण्याची, लेबल काढलेली. आत सोयाबीन भिजवलेलं पिवळसर पाणी. बाटली बीजनाथ महाराजांच्या हातात आणि समोर खुर्चीत गुडघे धरून बसलेले बारकूअण्णा.

"फुंका," महाराज म्हणाले.

अण्णांनी बाटलीत फुंकर घातली. महाराजांनी पांढऱ्या टॉवेलला हात पुसले, बाटलीचं तोंड अंगठ्यानं बंद केलं आणि बाटली खळाखळा हलवली. पाण्यावर चार बोटं फेस चढला. हॉलमधून "ओहोहो" असा आवाज निघाला.

"हा तुमचा संधिवात," महाराज म्हणाले. "खालचा थर तुमचा स्वतःचा. वरचा सासऱ्याकडून आलाय."

"तरीच," अण्णा म्हणाले. "लग्नात त्यांनी दुसरं काहीच दिलं नव्हतं."

चोरीला गेलेली सायकल पोलिसांनी आणून दाखवावी, तसे अण्णा त्या फेसाकडं बघत होते.

महाराजांनी माइक घेतला. "सज्जनहो, बीज म्हणजेच ब्रह्म. सोयाबीनमध्ये प्रोटीन आहे हे सायन्सला आज कळलं. पण प्रोटीनमध्ये प्राण आहे, हे आमच्या ऋषींना पाच हजार वर्षांपूर्वी माहीत होतं. ते रोज सोयाबीन खायचे."

मी देवळा तालुक्यातला. आमच्याकडं सोयाबीन पेरायला लागले तेव्हा मला मिसरूड फुटलेलं होतं. ऋषींनी ते कुठल्या बाजार समितीतून आणलं, हे महाराजांनी सांगितलं नाही.

उपचार असा होता. दर रविवारी एक फुंकर. रोज सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी दोन चमचे सिद्ध चूर्ण, म्हणजे कच्च्या सोयाबीनचं पीठ. असं सहा रविवार करायचं. सातव्या रविवारी बाटली हलवली की फेस येत नाही. फेस नाही म्हणजे रोग नाही. आणि खरंच, बारकूअण्णांनंतर सातव्या रविवारवाल्या एक बाई आल्या, त्यांनी फुंकर घातली, महाराजांनी केसांवरून हात फिरवत वर आभाळाकडं बघितलं, बाटली हलवली, आणि पाणी नुसतं डुचमळलं. फेस नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

कच्चं सोयाबीन पोटात गेलं की काय होतं, ते लवकरच सगळ्या हॉलला कळायचं. "रोग वायुरूपानं निघतोय, लाजू नका," महाराज सांगायचे. त्या हॉलमधून रोग इतका निघत होता की मागच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत.

मी तिथं माझ्या मेहुणीसाठी गेलो होतो. सुला माझ्या बायकोची धाकटी बहीण. एक गल्ली सोडून मुलाकडं राहते.

माझी बायको वत्सला गेल्या पौषात गेली. मी बत्तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर काम केलं. सगळ्या कॉलनीला सांगायचो, बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. वत्सलानं बंद केली. बरं वाटत होतं म्हणून. तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती गेल्यावर तांदळाच्या डब्यामागं अकरा भरलेल्या स्ट्रिप सापडल्या.

त्यानंतर मला स्वयंपाक शिकावा लागला. माझं वरण रोज उतू जायचं. सुलाला फोन केला.

"दाजी, डाळ शिजायला घातली की तेलाचा थेंब टाका. फेस बसतो. अक्कानं एवढंही दाखवलं नाय का?"

"ती मला गॅसजवळ येऊ द्यायची नाही."

"मग आता जा."

तीच सुला भर वैशाखात माझ्याकडं डबा घेऊन आली, तर अंगात स्वेटर. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा. दोन पायऱ्या चढली आणि बसली.

"थंडी वाजती हो दाजी."

बाहेर डांबर वितळत होतं. मी विचारलं, "थायरॉईडची गोळी घेतेस ना?"

"बंद केली. आधी चूर्णासंगंच घेत होते. मग तपासलं तर रिपोर्ट वाढला. महाराज म्हणले, रोग बाहेर पडायला बघतोय आणि गोळी त्याला आत दाबती. टाकून दे."

मी तिला तिथल्या तिथं उठवून आमच्या जुन्या दुकानात नेलं. आता तिथं तेजल नावाची फार्मासिस्ट मुलगी आहे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, सोयाबीन वाईट नाही," ती म्हणाली. "चांगलं शिजवून खा. प्रोटीन मिळतं, कोलेस्टेरॉललाही थोडी मदत होते. या दुकानातसुद्धा ते आहे. कॅप्सूलमध्ये त्याचं तेल असतं, प्रोटीनच्या डब्यात असतं. पण थायरॉईडच्या गोळीबरोबर घेतलं की गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. म्हणून तुमचा रिपोर्ट वाढला. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि सोयाबीन काही तासांनी. आता आधी डॉक्टरांना दाखवा. असंच अंगावर काढलं तर हृदयावर येईल."

"तू अजून लहान हायेस," सुला तिला म्हणाली.

रस्त्यात मी तिला महाराजांबद्दल बोललो. ती थांबली. "दाजी, तुम्हाला सगळीकडं फसवणूकच दिसती. अक्का गेल्यापासून लय कडू झालात. असं करा, माझ्यासंगं चला. ह्या रविवारी माझा सहावा हाय, पुढच्या रविवारी सातवा. फेस आला, तर डॉक्टरकडं येईन आणि गोळीही घेईन. नाय आला, तर गोळी कायमची सुटली. परत विषय काढायचा नाय."

म्हणून मी त्या पहिल्या रविवारी जाऊन बसलो होतो. आणि घरी आलो तेव्हा माझं धैर्य संपलं होतं, कारण युक्ती काही दिसली नव्हती. भिजवलेल्या सोयाबीनच्या पाण्याला फेस येणारच, हे तेजलनं सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरात करून बघितलं, माझ्याही बाटलीत आला. मी फुंकर घातली तरी आणि नाही घातली तरी. पण सातव्या रविवारी महाराज तो फेस घालवत कसा?

डाळ चढवलेली होती. ती वर आली. मी तेलाचा थेंब टाकला. ती खाली बसली. मी चमचा हातात धरून तसाच उभा राहिलो.

महाराजांचे केस खांद्यापर्यंत होते आणि तेलानं निथळत होते. पाठीवर सदऱ्याला डाग पडला होता. बारकूअण्णांच्या वेळी त्यांनी हात टॉवेलला पुसले होते. त्या बाईंच्या वेळी केसांवरून फिरवले होते.

सुलाला सांगून उपयोग नव्हता. मी मंगळूकडं गेलो. मंगळू लग्नात फेटे बांधतो. नवरदेव घोड्यावरून पडला तरी मंगळूचा फेटा सुटत नाही, असं आमच्या भागात म्हणतात.

पुढच्या रविवारी सुलाचं नाव पुकारलं तसा मी हात जोडून स्टेजवर गेलो.

"महाराज, आज माझी मेहुणी बरी होणार. त्याआधी कुटुंबाच्या वतीनं आपला सत्कार करायचाय. शाल, नारळ आणि फेटा."

सत्काराला नाही म्हणणारा माणूस नाशकात अजून जन्मायचा आहे. महाराज बसले. मंगळूनं नऊ वारांचा भगवा फेटा असा बांधला की एकही केस बाहेर राहिला नाही. कानसुद्धा अर्धे आत गेले.

"आणि ज्या हातांनी आपण रोग काढता, त्या हातांची पूजा," मी म्हणालो. परात आणली. कोमट पाणी आणि बेसन. महाराजांचे हात मी मनगटापर्यंत चोळले. तेल किती निघालं, सांगत नाही. त्यात दोन पापड तळले गेले असते. मग खळखळून धुतले आणि नव्या पंचानं पुसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांचा चेहरा प्रसन्न होता.

सुलानं फुंकर घातली.

महाराजांनी आभाळाकडं बघत हात डोक्याकडं नेला. हाताला फेटा लागला. त्यांनी कानामागून बोट घालून बघितलं. मंगळूचं काम पक्कं होतं. तीनशे माणसं बघत होती. शेवटी त्यांनी अंगठा लावला आणि बाटली अगदी हळू, लेकराला झोपवतात तशी हलवली.

"जोरात हलवा ना महाराज," बारकूअण्णा पहिल्या रांगेतून म्हणाले. "माझी कशी हलवली होती."

त्यांनी हलवली. पाच बोटं फेस आला.

सुलाचा चेहरा पडला. "माझा रोग वाढला का?" तिनं विचारलं.

"ताई, सकाळी काही वावगं खाल्लं?"

"चूर्णच खाल्लं."

"मग इथं कुणाची तरी नजर आहे." महाराजांनी माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा फेट्याखाली बोट घातलं. "हा जरा सैल करा. ऊर्जा अडकतेय."

"राहू द्या," बारकूअण्णा म्हणाले. "शोभतोय."

महाराजांचं बोट फेट्याखाली खोल खोल जात होतं. सुला त्या बोटाकडं बघत होती. मग तिनं खाली परातीत बघितलं. पाण्यावर तेलाचे मोठमोठे डोळे तरंगत होते. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

ती उठली. "महाराज, तेल पाहिजे का?"

महाराजांचं बोट तिथंच थांबलं.

सुलानं कोपऱ्यातल्या समईत बोट बुडवलं, बाटलीच्या तोंडाला आतून फिरवलं, अंगठा लावला आणि हलवली. फेस बसत बसत पार गेला.

"हे तर मी रोज वरणात करते," ती म्हणाली. आवाज घोगरा, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मग तिनं मांडणीतली दुसरी बाटली उचलली. "हिच्यात कुणी फुंकलं का? नाय ना?" ती हलवली. फेस आला. "मग हा रोग कुणाचा? टेबलाचा?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच.

"म्हणजे माझ्या सासऱ्याचा थर?" बारकूअण्णांनी विचारलं.

"सोयाबीनचा, अण्णा."

अण्णा थोडे उदास झाले. सासऱ्यानं काहीतरी दिलं होतं, असं त्यांना सात दिवस वाटत होतं.

महाराज मागच्या दारानं गेले. फेटा डोक्यावरच होता. मंगळू आजही म्हणतो, तो अजून सुटला नसेल.

घरी जाताना सुला म्हणाली, "दाजी, तुम्हाला आधीच कळलं होतं, तर मला सांगितलं का नाय?"

"ऐकलं असतंस?"

"नाय." चार पावलांनंतर म्हणाली, "अक्काच्या गोळ्यांचं मला माहीत होतं. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती."

घराकडं न वळता आम्ही तसेच डॉक्टरांकडं गेलो.

आता सुलाचा स्वेटर पेटीत गेला आहे. दर बुधवारी ती सोयाबीनची उसळ करते, चांगली शिजवून, दुपारी. मला डबा येतो. तेजल म्हणते, ज्यांना सोयाबीनची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. तेही लिहून ठेवतो.

हे मी लिहिलं ते तुमच्यासाठी. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्याशी भांडू नका, नमस्कार करा आणि आधी त्याचे हात धुवा. मग घरी येऊन तीच गोष्ट स्वतः करून बघा. आणि तुमच्या घरात कुणाची गोळी चालू असेल, तर ती घेतली का, एवढं रोज विचारा. ते विचारायला फार्मसी शिकावी लागत नाही.

मी रोज सकाळी सहाला सुलाला फोन करतो.

"घेतली का?"

"घेतली. साध्या पाण्यासंगं. ठेवा आता, डाळ वर येतीय."